गरम पाणी सकाळी सहा ते आठ

नगरला राहायला कोणी येत नाही. नगरवरून लोक जातात. शिर्डीवाला नगरवरून जातो, शिंगणापूरवाला नगरवरून जातो, पुण्याहून संभाजीनगरला निघालेला इथे चहा पिऊन पाय मोकळे करतो आणि पुन्हा गाडीत बसतो. मुक्काम पडतो तो अडकलेल्याचा. औरंगजेब पंचवीस वर्षं दख्खनेत तंबू हलवत फिरला आणि १७०७ मध्ये इथे भिंगारला कायमचा थांबला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे डझनभर पुढारी मुंबईहून खास गाडीने इथे आणले गेले, पण परतीचं तिकीट कोणाच्याच खिशात नव्हतं. त्यानंतर गेल्या मे महिन्यात मी आलो.

माझं निमित्त बांधाचं. आमचं मूळ गाव अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला. आजोबांनी दोन मुलांना जमीन वाटून दिली. बांध वाटायचा तेवढा राहिला. एका बाजूला आमचे वडील, दुसऱ्या बाजूला काका. दरवर्षी नांगरताना कोणीतरी तो बांध बोटभर कोरायचं, दुसरा पुढच्या वर्षी दोन बोटं कोरायचा, आणि असं करता करता ज्या बांधावर लहानपणी मी सायकल चालवली त्यावर आता मुंगीला सुद्धा अंग चोरून जावं लागतं. वडील गेले, काका गेले, बांध जवळजवळ गेलाच. उरलो मी आणि माझे थोरले चुलतभाऊ आप्पा. मी डोंबिवलीत, आप्पा गावात. मोजणी झाली, ती दोघांनाही मान्य झाली नाही, अपील झालं आणि सुनावणीची तारीख जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कचेरीत पडली. वेळ सकाळी साडेदहा.

आता जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे काय, हे लहान जिल्ह्यातल्या माणसाला कळणार नाही. आमचा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यांत मोठा. सतरा हजार चौरस किलोमीटर आणि चौदा तालुके. एका टोकाला घाटघर-रतनवाडीचा पाऊस, जिथे जून ते सप्टेंबर माणसं इरल्याखालून बाहेर येत नाहीत. दुसऱ्या टोकाला जामखेड-कर्जत, जिथे ढग आला तरी लोक त्याच्याकडे पाहुण्यासारखं बघतात, चहा घेऊन जाणारा पाहुणा. अकोल्याच्या माणसाला आपल्याच जिल्ह्याच्या मुख्य गावी यायला शंभराहून जास्त किलोमीटर तुडवावे लागतात. जिल्ह्याचं विभाजन करा ही मागणी मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. आम्हा भावांचं विभाजन झालं, जिल्ह्याचं राहिलं. त्यामुळे साडेदहाची सुनावणी असेल तर आदल्या दिवशी येऊन राहणं भाग. कोणी परदेशात जातो, कोणी परराज्यात जातो, अकोल्याचा माणूस स्वतःच्या जिल्ह्यात लॉजवर उतरतो.

शहराचं नाव २०२४ मध्ये बदललं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पाट्यांवर सध्या दोन्ही नावं सुखाने नांदतात. बोलणाऱ्याला काहीच फरक पडला नाही, कारण तो आधीही ‘नगर’ म्हणत होता आणि आताही ‘नगर’च म्हणतो. बदल पहिल्या अर्ध्या भागात झाला आणि लोकांनी तो अर्धा भाग कधी उच्चारलाच नव्हता. मला मात्र नव्या नावाने त्या दिवशी जरा टोचलं. अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्या बाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत वाटसरूंसाठी घाट बांधले, विहिरी खणल्या, धर्मशाळा उभारल्या. परमुलखातल्या अनोळखी माणसाला रात्री पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून इतकं करणाऱ्या बाईंच्या नावाच्या शहरात मी त्यांच्याच जिल्ह्याचा माणूस बॅग घेऊन चार लॉज हिंडलो आणि चारही ठिकाणी मला एकच उत्तर मिळालं, ‘तिथी दाट आहे.’

मे महिना, लग्नसराई. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लग्नाच्या दाट तिथीला जिल्ह्याच्या गावातला लॉज हा लॉज नसतो, जानवसा असतो. प्रत्येक काउंटरसमोर फेटे, प्रत्येक जिन्यात मेंदीवाल्या मुली, प्रत्येक गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल. त्यात नगरला एसटी स्टँड तीन. माळीवाडा, तारकपूर आणि स्वस्तिक चौकातला पुणे स्टँड. रिक्षावाल्याला ‘स्टँडजवळच्या लॉजवर सोड’ म्हटलं की तो ‘कोणत्या?’ असं विचारतो आणि तुमच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला की मीटर मनातल्या मनात टाकतो. तसा एसटीवर नगरचा पहिला हक्क आहे. महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावरच धावली. म्हणजे एसटीलासुद्धा नगरला आल्यावर सगळ्यात आधी सुचलं ते नगरमधून निघायचं.

पाचवा लॉज उड्डाणपुलाला खेटून होता. पाटीवर ‘लॉजिंग’ एवढंच, ‘बोर्डिंग’ हा शब्द रंग लावून पुसलेला. काउंटरवर एक गृहस्थ पाठमोरे उभे होते. पांढरा पायजमा, टोपी, काखेत नायलॉनची पिशवी. मॅनेजर त्यांना म्हणत होता, “काका, एकच रूम हाय. डबल बेड. सिंगल माणसाला दिली तर मला परवडत नाय.”

“मला कॉट बेसिसवर दे की.”

“कॉट बेसिस बंद केलंय. लोकं कॉटच घेऊन जात्यात.”

मी पुढे झालो. गृहस्थ वळले. आप्पा होते.

केस सुरू झाल्यापासून आप्पा मला ‘तुम्ही’ म्हणतात. आधी ‘तू’ म्हणायचे, ‘ये रे’ म्हणायचे, रागात असले की माझ्या वडिलांचाही उद्धार करायचे. पहिली नोटीस मिळाल्यापासून ‘आपण’, ‘तुम्ही’, ‘या’. इतका मान मला आयुष्यात कोणी दिला नाही, आणि इतका अपमानही.

“तुम्ही पण आलात का?” आप्पा म्हणाले.

“तारीख दोघांनाही एकच असते आप्पा.”

मॅनेजरने आम्हा दोघांकडे बघितलं. व्यापारी डोळे असे चमकतात. “पाव्हणं एकत्र हायत का?”

“नाही,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

“मंग एकत्र व्हा. नऊशे भाडं, शंभर डिपॉझिट. दोघांत पाचशे-पाचशे. बाहेर बगा, अजून एक वऱ्हाड उतरतंय.”

बाहेर खरंच एका टेम्पो ट्रॅव्हलरमधून माणसं उतरत होती, आणि त्यातला एक काका रूम शोधायच्या आवेशात पहिलाच आत आला. भाऊबंदकीपेक्षा मोठी भीती म्हणजे परक्याने जागा घेणं. आप्पांनी चटकन बंडीच्या आतल्या खिशातून पाचशेची नोट काढली. मीही काढली. भांडणाच्या चौदा वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेला हा पहिला व्यवहार.

मग रजिस्टर आलं. लॉजचं रजिस्टर हे सरकारी भाषेचं शेवटचं अभयारण्य आहे. नाव, वय, व्यवसाय, कोठून आला, कोठे जाणार, सोबतच्या इसमाशी नाते, येण्याचे कारण. आधीच्या पानावर ‘कारण’ या रकान्यात खालपर्यंत ‘लग्न, लग्न, लग्न’ होतं, मध्येच एक ‘पोलीस भरती’ आणि एक ‘ऑडिट’. ऑडिटवाल्याची सही सगळ्यात मोठी होती. ‘नाते’ या रकान्यात मॅनेजरने आमचं ‘चुलतभाऊ’ लिहिलं आणि ‘कारण’पाशी पेन थांबवलं.

“केस,” आप्पा म्हणाले.

“कोणावर?”

आप्पांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

मॅनेजरने पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं आणि ‘वैयक्तिक’ असं लिहिलं. “रूममधी मोडतोड झाली तर डिपॉझिट मिळणार नाय,” एवढंच म्हणाला. पुढे सवयीने विचारलं, “बिल पायजे का? बिलाचा रेट येगळा पडतो.” २०२२ च्या जुलैपर्यंत हजाराच्या आतल्या खोलीवर जीएसटी नव्हता, तेव्हापासून तो आला, पुढे त्याचा टक्काही खाली आला, पण हा प्रश्न विचारतानाचा मॅनेजरचा खालचा आवाज मात्र त्याच्याही आधीपासूनचा आहे. आप्पांना बिल हवं होतं. कागद म्हटला की आप्पांना हवाच असतो. वेगळा रेट ऐकल्यावर नको झाला.

आमचं सामान घ्यायला मामा आला. हा साठीचा माणूस, आणि मॅनेजर, शेट, वऱ्हाड, सगळेच त्याला मामा म्हणतात. मामाने माझी बॅग घेतली. आप्पांनी पिशवी दिली नाही; तिच्यात सातबारा होता. लिफ्ट होती. तिच्या दारावर ‘लिफ्ट बंद आहे’ ही पाटी रंगवलेली होती. कागदाची नाही, रंगवलेली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर खालच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स. पहिल्या वळणावर गणपती, दुसऱ्यावर साईबाबा, तिसऱ्यावर मक्का, येशू आणि गुरू नानक एकाच ओळीत. महाराष्ट्रात सर्वधर्मसमभाव टिकून आहे तो मावा खाणाऱ्यांच्या भीतीने. दुसऱ्या मजल्यावर टाइल्स संपल्या होत्या, आणि तिथे कोपरा लालभडक होता.

खोलीच्या दारावर ‘डिलक्स ए.सी.’ असं लिहिलेलं होतं. नगरच्या पूर्वेला डोंगरावर एक तीन मजली देखणी दगडी इमारत दिसते, तिला सगळं गाव चांदबिबीचा महाल म्हणतं. ती चांदबिबीची नाही आणि महालही नाही. निजामशाहीतल्या सलाबत खानाची कबर आहे. तेव्हा या गावाला असली नावं नवी नाहीत. आमच्या खोलीत एसीचं खोकं भिंतीत होतं. त्याच्या आत कबुतराचं बिऱ्हाड होतं.

“ए.सी. चालू होत नाही का?” मी मामाला विचारलं.

“होईल की. पन अंडी हायत.”

त्यावर काय बोलणार? आप्पा तर पाच मिनिटांत कबुतराच्या बाजूचे झाले. “राहूं द्या. त्याचंबी घरच हाय,” म्हणाले. माझ्या घराच्या बाबतीत ही उदारता चौदा वर्षांत एकदाही दिसली नव्हती.

खोलीचं वर्णन फार करत नाही, कारण ती तुम्ही पाहिलेली आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याला जा, तीच खोली असते. मला संशय आहे की ती एकच खोली आहे आणि रात्री ती इकडून तिकडे हलवतात. आरशावर आधीच्या कोणा बाईची मरून टिकली. खुंटीला अडकवलेलं एक एकटं हँगर. टीव्हीचा रिमोट रबरबँडने बांधलेला, कारण त्याचं पोट फाटलेलं. चादरीच्या कोपऱ्यावर छापलेलं नाव दुसऱ्याच कुठल्यातरी लॉजचं, दुसऱ्याच गावचं. म्हणजे चादरीसुद्धा आमच्यासारख्याच अडकून पडलेल्या. दारामागे नियमावली. ‘खोलीत मद्यपान करण्यास सक्त मनाई आहे’ हा चौथा नियम, आणि बरोबर त्याच्याखाली खिळ्याला सुतळीने बांधलेलं ओपनर.

बटणांबद्दल मात्र सांगितलं पाहिजे. पलंगाच्या उशाशी अकरा बटणांचा बोर्ड होता. मी पहिलं दाबलं, काही झालं नाही. दुसरं दाबलं, बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन खडखडायला लागला. तिसऱ्याने बाहेरच्या गॅलरीतला दिवा गेला आणि कोणीतरी शिवी दिली. पंखा काही लागेना. नेहरू याच गावातल्या किल्ल्यात १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चपर्यंत होते, आणि तिथे पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. त्यांना भारताचा शोध लागला. मला अर्ध्या तासात पंख्याच्या बटणाचा लागला नाही. शेवटी आप्पा उठले, त्यांनी सगळी अकरा बटणं तळहाताने एकदम दाबली आणि पंखा सुरू झाला. त्याबरोबर इतरही बरंच काही सुरू झालं, पण त्याकडे आम्ही लक्ष दिलं नाही.

खिडकी उघडली तर समोर उड्डाणपूल. सक्कर चौकातून निघणारा हा पूल नगरकरांनी वर्षानुवर्षं बोलण्यात बांधला आणि अखेर २०२२ मध्ये तो खरोखरच झाला. खाली उभं राहून बघितलं तर छान आहे. आमच्या खिडकीची पातळी मात्र नेमकी पुलाच्या पातळीला. त्यामुळे दर दोन मिनिटांनी एक ट्रक सरळ डोळ्यांत डोळे घालून यायचा आणि शेवटच्या क्षणी आमच्यावर दया करून वळायचा. एका उसाच्या रिकाम्या ट्रकमधला क्लीनर माझ्याकडे बघून हसला. मी बनियनवर होतो. खिडकी लावली, उकडायला लागलं. उघडली, पुन्हा ट्रक. नगरचा मे म्हणजे दिवसा तवा आणि रात्री तोच तवा झाकण ठेवून.

दाराची कडी लागत नव्हती. कडीचं भोक आणि कडीचा दांडा यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं. (आप्पा लगेच म्हणाले, “हे असंच तुमच्या बापानं केलं बांधाला.”) खाली जाऊन मॅनेजरला सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, “सायेब, शनी शिंगणापूरचा जिल्हा हाय आपला. तिथं घराला दारं नाईत, बँकेला कुलूप नाय. तुमाला तर दार दिलंय.” बँकेची गोष्ट खरी आहे. २०११ मध्ये यूको बँकेने शिंगणापूरला बिनकुलपाची शाखा उघडली होती. पण शनीदेवाच्या भरवशावर खोली विकणारा मॅनेजर मी पहिल्यांदाच बघितला. शेवटी आम्ही दाराला खुर्ची लावली आणि खुर्चीवर माझी बॅग ठेवली. पिशवी आप्पांनी उशाखाली घेतली.

आणि मग पलंग.

डबल बेड म्हणजे दोन सिंगल पलंग जोडलेले, त्यावर दोन गाद्या. एक गादी कापसाची, एक फोमची, दोन्हींची उंची वेगळी. मध्ये फट. आप्पांनी पिशवीतून पंचा काढला, त्याची नीट घडी घालून गुंडाळी केली आणि ती त्या फटीवर उशापासून पायथ्यापर्यंत ठेवली.

“हे काय?”

“बांध.”

मी काही बोललो नाही. पंचा दोन्ही बाजूंनी बघितला. माझ्या बाजूला तो दोन बोटं जास्त सरकलेला होता. मी तो दोन बोटं तिकडे सरकवला. आप्पांनी चष्मा लावला आणि तो एक बोट इकडे आणला. जे काम मोजणीदाराच्या साखळीला जमलं नाही ते आम्ही पाच मिनिटांत हाताने केलं आणि त्यावर तोंडी समझोताही झाला. फक्त खिडकीकडची बाजू कोणाची यावर अडलं. खिडकीकडे वारा, पण ट्रक. भिंतीकडे शांतता, पण कबुतर. आप्पा थोरले म्हणून त्यांनी वारा घेतला.

दिवा घालवला. दिवा गेल्यावर डासांची मशीन तेवढी तांबडी लुकलुकत राहिली. आमच्याकडे भंडारदऱ्याला मेच्या अखेरीला झाडं काजव्यांनी भरतात, तेव्हा पुण्या-मुंबईची माणसं पैसे मोजून बघायला येतात. मी अंधारात त्या लाल ठिपक्याकडे बघत पडलो होतो, आणि आप्पा बहुधा तेच बघत असावेत, कारण म्हणाले, “काजवा येकलाच आलाय.”

आणि त्यानंतर त्यांनी मला ‘तू’ म्हटलं. “तुला झोप येती का रं?”

“नाही.”

झोप येणं शक्यच नव्हतं. साडेअकराला खाली वरात आली. बँजो, त्यावर पोरांच्या शिट्ट्या, वर उड्डाणपुलावरून ट्रकचे हॉर्न, आणि शेजारच्या खोलीत नवरीची मामी कोणालातरी फोनवर सांगतेय की जेवणात गुलाबजाम कमी पडले. मी भिंतीकडच्या बाजूला, कान कबुतराला. कबुतर रात्रीही बोलतं हे मला नव्हतं माहीत. त्याच वेळी मला मौलाना आझाद आठवले. नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना त्यांनी जी पत्रं लिहिली, ती पुढे ‘गुबारे-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यात चिमण्यांवर एक सबंध प्रकरण आहे. त्यांच्या खोलीच्या छताला चिमण्यांनी घरटी केली होती, सतरंजीवर कचरा पडायचा, मौलानांनी आधी त्यांच्याशी रीतसर लढाई केली, मग हरले, मग तह केला आणि शेवटी तळहातावर दाणे ठेवून त्यांना खायला घालू लागले. किल्ल्याच्या जेलरला त्यांनी चीता खान असं नाव ठेवलं होतं. पहाटे लवकर उठून ते स्वतःचा चिनी चहा स्वतः करायचे, बिनदुधाचा, आणि दूध घालून चहा पिणाऱ्यांची त्यांना कीव यायची. नगरच्या मुक्कामाबद्दल आजवर कोणी लिहिलेलं हे सगळ्यात उत्तम वर्णन असावं. मी हे सगळं आप्पांना सांगितलं.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, झोपले.

“भाडं किती पडायचं त्यांना?” त्यांनी विचारलं.

“कैदेत होते आप्पा. फुकट.”

“आन् खायला?”

“तेही.”

“मंग तिथं चिमन्या असल्या तर काय झालं,” आप्पा म्हणाले आणि कुशीवर वळले.

मग आम्ही बोललो. कशाबद्दल, ते सगळं सांगण्यासारखं नाही. आजीबद्दल, घाटघरच्या पावसात वाहून गेलेल्या एका म्हशीबद्दल, माझ्या वडिलांनी आप्पांना मुंबईला आणून राणीची बाग दाखवली होती त्याबद्दल. बांधाचा विषय निघाला नाही, पंचाही कोणी हलवला नाही. अडीचच्या सुमाराला बँजो थांबला आणि आप्पा घोरायला लागले. तो आवाज मात्र बांध ओलांडून थेट माझ्या हद्दीत येत होता आणि त्यावर कुठलीही कचेरी दाद देणार नव्हती.

सकाळी सहाला दारावर थाप. मामा ओरडत होता, “गरम पानीऽऽ! सहा ते आठऽऽ!” या लॉजमध्ये गिझर होता, तोही एसीसारखाच, म्हणजे भिंतीवर. खरं पाणी मागच्या अंगणातल्या बंबातून बादलीने येतं. सहा ते आठ या वेळेत सगळी वऱ्हाडं, भरतीची पोरं आणि ऑडिटवाला जिन्यात रांग लावतात आणि त्या रांगेत माणसाचा खरा स्वभाव दिसतो. नवरदेवाच्या आत्याने ‘आमचा मुहूर्त आहे’ या एका वाक्यावर तीन बादल्या मिळवल्या. ऑडिटवाला काहीच बोलला नाही, फक्त मामाकडे बघत राहिला, आणि त्याला दोन मिळाल्या. आम्हाला दोघांत एक.

“रूमला येक,” मामा म्हणाला. “पानी टँकरचं हाय, काका.”

आप्पांनी बादलीत डोकावून बघितलं. जिथे पावसात भिंती पाझरतात त्या मुलखातला माणूस, वाफाळणाऱ्या अर्ध्या बादलीकडे कसा बघतो ते लिहून सांगता येणार नाही. बादली घेऊन आम्ही वर आलो. बाथरूममध्ये एकच मग, तो साखळीने नळाला बांधलेला, आणि साखळी इतकी तोकडी की बादली नळाजवळ न्यावी लागे आणि अंघोळ करणाऱ्याने वाकून राहावं लागे. मगाने मोजून पाणी वाटलं. माझे अकरा, त्यांचे अकरा. तेविसाव्या मगाला तळ लागला. तो अर्धाच भरला. त्या अर्ध्या मगावर आमचं थोडं झालं. मी म्हटलं थोरल्यांनी घ्यावा, आप्पा म्हणाले उपकार नकोत. शेवटी त्या पाण्याने दोघांनी दाढी केली, आधी त्यांनी, मग मी. आरशातल्या टिकलीच्या दोन बाजूंना आमचे दोन चेहरे, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की आमची दोघांचीही नाकं आजोबांची आहेत. आप्पांनाही दिसलं असावं, कारण त्यांनी आरसा सोडला.

दाढी झाली आणि सातबाऱ्याची पिशवी काखेत गेली. “निघताय का तुम्ही?” आप्पांनी विचारलं. ‘तुम्ही’ परत आलं होतं.

खाली एका गाडीवर पोहे खाल्ले, वेगवेगळे पैसे दिले आणि एकाच रिक्षातून कचेरीत गेलो. साडेदहा झाले. अकरा झाले. साहेब वेळेवर येऊन बसले होते, शिपायाने पुकाराही केला, पण माझे वकील आले नव्हते. मी ओशाळून आप्पांकडे बघितलं. त्यांचेही आले नव्हते. दोघांना फोन लावले. माझ्या वकिलांनी उचलला तेव्हा मागून सनईची रेकॉर्ड ऐकू येत होती आणि कोणीतरी ‘अक्षता, अक्षता’ म्हणत होतं. आप्पांच्या वकिलांच्या फोनमध्येही तीच सनई. आप्पांनी फोन कानाचा काढला, माझ्याकडे बघितलं, आणि मी त्यांच्याकडे. रात्री अडीचपर्यंत ज्या बँजोने आम्हाला झोपू दिलं नाही, त्याच लग्नाच्या पंगतीत आमचे दोन्ही वकील शेजारी शेजारी बसलेले होते.

पुढची तारीख ऑगस्टची पडली.

परत लॉजवर आलो, सामान घ्यायला. मामाने खोली तपासली. मोडतोड नव्हती, चादर होती, मग साखळीला होता, अंडी जागेवर होती. मॅनेजरने रजिस्टरमध्ये ‘गेले’ असं लिहिलं.

“ऑगस्टला हीच रूम ठिवू का?” त्याने विचारलं. “तवर पिल्लं उडाली असत्याल. ए.सी. चालू करून दीन.”

“खिडकीकडची बाजू या वेळी यांनी घेतली होती,” मी म्हटलं. “ऑगस्टला माझी.”

“लिहून घे,” आप्पा मॅनेजरला म्हणाले.

मॅनेजरने ड्रॉवर उघडला, डिपॉझिटची शंभराची एक नोट काढली आणि आम्हा दोघांच्या मध्ये काउंटरवर ठेवली. “सुट्टे नाईत,” म्हणाला. “आपसात वाटून घ्या.”

आम्ही दोघं त्या नोटेकडे बघत राहिलो. मागे रस्त्यावर एसटी हॉर्न देत होती. मग आप्पांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्याला लावला, सुनावणीच्या नोटिशीची पाठकोरी बाजू उलटली आणि त्यावर नोटेचा नंबर लिहून घेतला.